'टू'मधे डब्ल्यू कशाला असतो गं आई?

आलेलं पत्र थोडं छोटं करून देतेय.

"मॅडम नमस्कार, मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहते, घरीच ब्लाउज आणि शाळेचे युनिफॉर्म शिवते, मिस्टर टँकरवर असतात. मुलगा सातवीला सेमी इंग्लिशला आहे. त्याचं इंग्रजी पक्कं व्हावं म्हणून रोज २० शब्द पाठ करायला देते. मोबाईलवर याद्या मिळतात, क्यूने सुरू होणारे, झेडने सुरू होणारे, त्याच वहीत उतरवून देते. सोमवार ते शनिवार १२० शब्द होतात, रविवारी विचारलं की १५ सुद्धा येत नाहीत. परवा मला म्हणाला, आई, टूमधे डब्ल्यू कशाला असतो गं, बोलत तर नाही आपण. त्या दिवशी ऑर्डर द्यायची होती, डोकं तापलेलं, मी म्हणलं आहे तसं पाठ कर आणि एक ठेवून दिली. तेव्हापासून काही विचारतच नाही, गपचूप पाठ करत बसतो. मी मराठी मीडियमची, बारावी झालेली, इंग्रजी पाचवीपासून होतं आम्हाला. मला येत नाही म्हणून त्याचं नुकसान होतंय का? आणि रोज किती शब्द द्यावेत?"

ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, आणि दुसऱ्यांदा वाचताना सगळ्यात जास्त त्या एका वाक्यापाशी थांबले, 'तेव्हापासून काही विचारतच नाही'. म्हणून उत्तराची सुरुवात तिथूनच करते, शब्द किती द्यायचे ते नंतर बघू.

तुमच्या मुलाने जो प्रश्न विचारला तो फार चांगला प्रश्न आहे. मी २७ वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं, त्यात हा प्रश्न मला फार थोड्या मुलांनी विचारला, बाकीच्यांनी टी डब्ल्यू ओ टू असं घोकून सोडून दिलं. आणि त्या प्रश्नाला खरंखुरं उत्तर आहे, ते तुम्हाला कुणी सांगितलंच नाही म्हणून तुम्ही देऊ शकला नाहीत, यात तुमचा काय दोष. मलाही शाळेत कुणी सांगितलं नव्हतं. आठवीत असताना मी वर्गात मोठ्याने 'क्नाइफ' असं वाचलं होतं, सुरीचं स्पेलिंग के ने सुरू होतं म्हणून, आणि सगळा वर्ग हसला, बाईंनी छडी दिली. मग पुढचे दोन महिने मी वर्गात तोंड उघडलं नव्हतं. त्यामुळे तुमचा मुलगा गपचूप का बसलाय हे मला अगदी आतून कळतंय.

तर आधी टूचा डब्ल्यू. तुमच्या मशीनपाशीच या ना आपण. शाळेच्या पँटचं ते तिरप्या रेघांचं जाड कापड असतं ना, ट्विल, दुकानदार ट्विलच म्हणतो त्याला. ट्विलच्या सुरुवातीला टी-डब्ल्यू आहे आणि त्याचा अर्थ दोन धाग्यांचं विणकाम. आता हेच दोन इंग्रजी अक्षरं धरून पुढे चला. ट्विन म्हणजे जुळी मुलं, दोन. ट्वाइस म्हणजे दोनदा. ट्वेंटी म्हणजे दोन दहा. ट्वाइन म्हणजे सुतळी, दोन पदर एकमेकांवर पिळून केलेली, आणि ट्विस्ट म्हणजे तो पीळच. बिट्वीन म्हणजे दोघांच्या मधे, त्यात पण टी-डब्ल्यू बसलेत बघा मधेच. ट्वेल्व्ह तर फारच छान आहे, त्याचा मूळ अर्थ 'दोन उरले', म्हणजे दहा मोजून बाजूला ठेवले की वर दोन उरतात ते बारा, आणि तसंच इलेव्हन म्हणजे 'एक उरला'. ट्वायलाइट म्हणजे संधिप्रकाश, दिवस आणि रात्र दोन्हींच्या मधला उजेड (आपण त्याच वेळेला तिन्हीसांज म्हणतो, आपण तीन मोजतो, ते दोन मोजतात).

म्हणजे टूमधला डब्ल्यू तिथे उगाच बसलेला नाहीये, तो त्या घराण्याचा आहे. ट्विन, ट्वेंटी, ट्वेल्व्ह सगळ्यांत तो ऐकू येतो, फक्त टू म्हणताना जीभ त्याला गिळते. पूर्वी इंग्लंडातली माणसं तो बोलायची, हळूहळू बोलणं बदललं पण लिहिणं तसंच राहिलं.

आणि आता जे सांगते ते त्याला सांगताना तुम्हालाच मजा येईल, कारण हे फक्त मराठी येणाऱ्यालाच पटकन कळतं. संस्कृतमधे दोनला द्वि, त्यात द आणि व. इंग्रजीत टू, त्यात टी आणि डब्ल्यू. द च्या जागी ट, व च्या जागी डब्ल्यू, बाकी शब्द एकच! आपल्या 'दोन'मधे तो व कुठे गेला? गेला, आपण पण गिळला. पण बारा म्हणा, बावीस, बत्तीस, बेचाळीस, बावन्न, बासष्ट म्हणा, तिथे जो ब आहे ना तो त्याच द्वि मधला व आहे, बदलून ब झालेला, द्वादशचं बारस होत होत बारा झालं. आणि पाढा. बे एके बे, बे दुणे चार. एकाच ओळीत 'बे' आणि 'दुणे', दोघंही त्याच द्वि ची लेकरं, एकाने व ठेवला आणि एकाने द. हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी शाळेतून घरी येईपर्यंत पाढेच म्हणत होते मनात, बेचा पाढा मी पन्नास वर्षं म्हणतेय आणि त्यात काय आहे ते मला माहीतच नव्हतं.

म्हणजे टूमधे डब्ल्यू कशाला याचं उत्तर सोलापूर जिल्ह्यातल्या घरात, पाढ्यातच पडलेलं होतं. तुम्ही म्हणता मला इंग्रजी येत नाही. ताई, तुम्हाला मराठी येतं, आणि या कामाला ते फार उपयोगाचं आहे.

हे सगळं माझ्या मनचं नाहीये. सर विल्यम जोन्स म्हणून कलकत्त्याला सुप्रीम कोर्टाचे जज होते, त्यांनी २ फेब्रुवारी १७८६ ला तिथल्या एशियाटिक सोसायटीत भाषण करून सांगितलं की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांच्यात इतकं साम्य आहे की त्या एकाच मूळ भाषेतून निघाल्या असणार. मग परीकथा गोळा करणारे ग्रिम बंधू असतात ना, त्यातल्या याकोब ग्रिम यांनी १८२२ मधे हे अक्षरं बदलण्याचे नियमच मांडले, की तिकडे जुन्या भाषांत जिथे द असतो तिथे इंग्रजीच्या घराण्यात ट येतो. दश तर टेन. दंत तर टूथ. दारू म्हणजे लाकूड, देवदारमधलं दारू, तर ट्री. एकदा तुमच्या मुलाच्या हातात ही किल्ली दिली ना की तो स्वतःच शोधत बसेल.

आता माझ्या त्या क्नाइफकडे येते, के-एनचं घराणं. हे तुमच्या कामाशी आणखी जवळचं आहे. नॉट म्हणजे गाठ, के एन ओ टी. निट म्हणजे विणणं, के एन आय टी, होजिअरीच्या कापडाला तुम्ही निट म्हणता तेच, आणि त्याचा मूळ अर्थ गाठी मारणं असाच आहे, नॉट आणि निट सख्खे आहेत. नी म्हणजे गुडघा, नील म्हणजे गुडघे टेकणं, नकल म्हणजे बोटाचं पेर, नीड म्हणजे कणीक मळणं, नाइफ सुरी, नॉक दार ठोठावणं, नो म्हणजे जाणणं. या सगळ्यांत पुढे के आहे आणि तो बोलत नाहीत. पण साधारण सतराव्या शतकापर्यंत इंग्लंडात तो बोलायचे! क्नाइफ, क्नी, क्नॉट. जर्मन लोक गुडघ्याला आजही 'क्नी' म्हणतात, क स्पष्ट. इंग्लंडात विल्यम कॅक्स्टनने १४७६ ला पहिला छापखाना काढला, पुस्तकं छापायला लागली तसं स्पेलिंग हळूहळू पक्कं होत गेलं, आणि नंतर लोकांच्या तोंडातून के गेला पण छापलेल्या पानावरून गेला नाही. मी आठवीत जे वाचलं होतं ते चुकीचं नव्हतं, फक्त तीनचारशे वर्षं उशिरा वाचलं होतं. हे मला बीएडनंतर कधीतरी एका जुन्या व्याकरणाच्या पुस्तकात सापडलं आणि खरं सांगते, डोळ्यांत पाणी आलं होतं.

आणि ह्याच्यात पण मराठी आहेच. त्या ग्रिमच्या नियमात ज च्या जागी क येतो. रामाच्या वर्णनात आजानुबाहू ऐकलंय ना, ज्याचे हात गुडघ्यापर्यंत पोचतात तो, त्यातलं जानु म्हणजे गुडघा, तेच नी. ज, न. क, न. आणि नो म्हणजे जाणणं ते संस्कृतमधलं ज्ञा. ज आणि ञ, के आणि एन.

इथे एक गोष्ट मुलाला करायला सांगा, त्याला म्हणावं 'ज्ञान' लिही. तो ज्ञ लिहील. मग म्हणावं आता मोठ्याने म्हण. तो म्हणेल द्न्यान. विचारा त्याला, ज कुठे ऐकू आला? ज्ञ मधे ज आहे, आपण बोलतो द. हिंदीवाले बोलतात ग्यान, गुजराती ग्नान, आणि लिहिताना सगळे तोच ज्ञ लिहितात. मग इंग्रजांनी नोमधे के ठेवला तर त्यात विचित्र काय आहे, आपण पण तेच करतो आणि आपल्याला कधी खटकलं पण नाही. जिथे जुना उच्चार टिकलाय ते आपलं 'जाणणं', जाण, जाणीव, जाणकार.

बरं हा ज्ञा ग्रीक आणि लॅटिनमधून पण इंग्रजीत आलाय, तिथे तो जी-एन झालाय. डॉक्टरचं डायग्नोसिस, म्हणजे रोग ओळखणं. रेकग्नाइज, ओळखणं. इग्नोरंट, अज्ञानी, ज्याला माहीत नाही तो. डायग्नोसिसमधे ग स्वच्छ ऐकू येतो. सातवीच्या मुलाला हे आत्ताच द्यायची गरज नाही पण नववी-दहावीत विज्ञानाचे मोठे मोठे शब्द येतील तेव्हा हेच घराणं पुढे काढता येईल.

तसंच एक जी-एच. नाइट रात्र, लाइट, राइट, एट म्हणजे आठ, डॉटर म्हणजे मुलगी. या जी-एचने मराठी मुलं फार वैतागतात. तिथे पूर्वी ख आणि ह च्या मधला, घसा खरवडल्यासारखा आवाज होता, जर्मनमधे अजून आहे, रात्रीला ते नाख्ट म्हणतात आणि आठला आख्ट. आपल्याकडे श्रावणात कुणी नक्त करतं, दिवसभर उपास आणि रात्री जेवण, ते नक्त म्हणजे रात्र, नक्त आणि नाइट एकच. अष्ट आणि एट एक. दुहिता म्हणजे मुलगी आणि डॉटर एक, दुहितामधे जो ह आहे त्याच जागेवर तिकडे जी-एच आहे. बघा कसं जागच्या जागी बसतं.

डब्ल्यू-आर पण सांगून टाकते कारण ते तुम्हाला हाताने दाखवता येईल. धुतलेलं कापड पिळा त्याच्यासमोर. पिळणं म्हणजे रिंग, डब्ल्यू आर आय एन जी (घंटीची रिंग वेगळी, तिला डब्ल्यू नाही). पिळून झटकल्यावर कापडावर पडतात त्या चुण्या, रिंकल, चेहऱ्यावरच्या सुरकुत्यांना पण तेच. पिळताना जे वळतं ते मनगट, रिस्ट. मिस्टरांच्या टँकरमधे नट आवळायचा पाना असेल तो रेंच. कुस्ती म्हणजे रेसलिंग, अंग पिरगाळणं. सगळीकडे वळणं, पिळणं, मुरगाळणं आहे. आणि राँग, चुकीचं, त्याचा पण जुना अर्थ वाकडं असाच आहे, आपण नाही का म्हणत वाकड्या वाटेला लागला. त्याच्या उलट राइट म्हणजे मुळात सरळ, संस्कृतमधला ऋजु त्याचाच भाऊ. पण राइट म्हणजे लिहिणं, डब्ल्यूवालं, ते ह्यात बसत नाही, त्याचा मूळ अर्थ ओरखडणं, कोरणं असा आहे. हे त्याला स्पष्ट सांगा, की प्रत्येक शब्द घराण्यात बसतोच असं नाही.

मग काही घराणी नुसती आवाजाची असतात. नाकाशी संबंधित शब्द बघा, स्नीझ शिंकणं, स्नोअर घोरणं, स्निफ हुंगणं, स्नाउट डुकराचं नाकाड, सगळ्यांना एस-एन. चमकण्याचे शब्द, ग्लो, ग्लिटर, ग्लीम, ग्लेअर, ग्लास, सगळ्यांना जी-एल. जे. आर. फर्थ म्हणून एक भाषेचे अभ्यासक होते, १९१९ ते १९२८ लाहोरला इंग्रजीचे प्राध्यापक होते ते, त्यांनी १९३० मधे अशा जोड्यांना फोनीस्थीम हे नाव दिलं. नाव पाठ करायचं नाहीये. आपल्याकडे हे असंच आहे, चिकट, चिखल, चिवट, चिकाटी, चिघळणं, 'चि' म्हटलं की काहीतरी सोडत नाही असं वाटतं की नाही. फुगा, फुगणं, फुलणं, फुंकणं, फुफ्फुस, फुटणं, 'फु' म्हटलं की हवा आलीच. हा खेळ त्याच्याशी रात्री लाईट गेल्यावर खेळा, तुम्ही मराठीतले काढा, तो इंग्रजीतले काढेल. स्नेक आणि स्नो नाकाचे नाहीत आणि ग्लू चमकत नाही हे तो स्वतःच सांगेल, सांगू दे.

जरा सावध राहायच्या जागा पण सांगते. काही अक्षरं मागाहून चिकटवलेली आहेत. डेट म्हणजे कर्ज, त्यात बी आहे, तो बी इंग्रजांच्या बोलण्यात कधीच नव्हता, पंडितांनी सोळाव्या शतकाच्या सुमारास लॅटिनशी नातं दाखवायला घातला. आयलंडमधला एस तर चुकूनच घातलाय, दुसऱ्याच शब्दाशी नातं आहे असं समजून. कुडमधला एल, शुड आणि वुडला आहे म्हणून यालाही लावला. आणि मिस्टरांच्या टँकरच्या मागे लिहिलेलं असतं ना, हायली इन्फ्लेमेबल, ते बघून मुलं म्हणतात इन म्हणजे नाही, इनकरेक्ट म्हणजे बरोबर नाही, म्हणजे इन्फ्लेमेबल म्हणजे न पेटणारं. नाही! तिथला इन वेगळा आहे, त्याचा अर्थ पेट घेणारं असाच, लगेच पेटणारं. हे तर त्याला नक्की सांगाच, वडील घरी आले की टँकरपाशी नेऊन दाखवा.

आता तुमच्या याद्यांबद्दल. क्यूने सुरू होणारे शब्द एकत्र का ठेवलेत तर डिक्शनरीत ते एकत्र असतात म्हणून, बाकी त्यांचं एकमेकांशी काहीच नातं नाही. क्वॅगमायर म्हणजे दलदल, क्वेंट म्हणजे जुन्या धाटणीचं, क्वीन म्हणजे राणी, ह्यात एकाला धरून दुसरा आठवेल असं काय आहे? हर्मन एबिंगहाउस नावाच्या जर्मन माणसाने १८८५ मधे विसरण्यावर पुस्तक लिहिलं, स्वतःवरच प्रयोग केले, मुद्दाम अर्थ नसलेली अक्षरं हजारो वेळा पाठ केली. पाठ केलेलं तासाभरातच अर्ध्याहून जास्त जातं हे त्यालाच दिसलं. आणि त्यानेच एक इंग्रजी कविता पण पाठ करून बघितली, तर अर्थ असलेल्या ओळींना साधारण एक दशांश कष्ट लागले. तुमचा मुलगा सहा दिवसांत १२० शब्द पाठ करतो आणि रविवारी १५ उरत नाहीत, त्याची स्मरणशक्ती अगदी नॉर्मल आहे, त्याला जे दिलंय तेच अर्थ नसलेल्या अक्षरांसारखं आहे.

म्हणून किती शब्द द्यावेत याचं माझं उत्तर, रोज नाही, आठवड्याला एक घराणं, सहा किंवा सात शब्द, बास. वहीचं एक पान एका घराण्याला. मधे ती दोन अक्षरं मोठी लिहायची, भोवती शब्द, प्रत्येक शब्दाखाली मराठी अर्थ त्याच्या स्वतःच्या शब्दांत, डिक्शनरीतला नाही. मराठी अर्थ तुम्ही सांगायचा, इंग्रजी शब्द त्याने शोधायचा, त्याच्या पाठ्यपुस्तकात शोधला तर उत्तम, मग तो शब्द धड्यात परत भेटतो. रविवारी नवीन पान सुरू करायच्या आधी मागची दोन-तीन पानं त्याने तुम्हाला शिकवायची, तुम्ही मशीन चालवत असलात तरी चालेल, कान इकडे असले की झालं. सहामाहीपर्यंत वीसेक पानं होतील, म्हणजे सव्वाशे-दीडशे शब्द, आणि ते राहतील. पुढच्या वर्षी पोर्टचं घराणं घ्या, इम्पोर्ट, एक्स्पोर्ट, ट्रान्सपोर्ट, पोर्टर, सगळ्यांत वाहून नेणं आहे, आयात, निर्यात, वाहतूक, हमाल. टँकरवाल्याच्या घरात ट्रान्सपोर्ट शब्द समजावून सांगावा लागणार नाही.

शाळेत स्पेलिंगची परीक्षा असते, त्यासाठी थोडं घोकावं लागेलच, ते मी नाही म्हणत नाही. आणि एक, मराठी वाचतानाही जर अक्षरं उलटीसुलटी होत असतील, एक ओळ वाचायला खूप वेळ लागत असेल, तर तो वेगळा विषय आहे, मग शाळेत सांगून तपासणी करून घ्या, त्यात लाज काही नाही, बोर्डाच्या परीक्षेतही अशा मुलांना सवलती मिळतात. पण तुमच्या पत्रावरून मला तसं वाटत नाही, ज्याला टूमधला न बोललेला डब्ल्यू दिसतो त्याचं अक्षरांकडे चांगलं लक्ष आहे.

राहिला तो फटका. ताई, त्याला जवळ घेऊन सरळ सांगा की त्या दिवशी माझं चुकलं, तुझा प्रश्न चांगला होता आणि मला उत्तर माहीत नव्हतं म्हणून मी चिडले. उत्तर माहीत नव्हतं हे पण सांगा, ते लपवू नका. आमच्याकडे २००० सालापासून मराठी शाळेत पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं, तुम्ही त्याच्या आधीच्या, तुम्हाला पाचवीत एबीसीडी मिळाली, हे त्याला कळू दे. मग ट्विलचा एक तुकडा घ्या, कडेचे धागे सुईने सोडवून दाखवा, सुतळीचा पीळ उलगडून आत पदर किती ते त्याला मोजायला लावा, आणि मग बेचा पाढा म्हणायला सांगा, पहिली ओळ झाली की थांबवा.

तो परत विचारायला लागेल. लगेच नाही, दोन-चार दिवसांनी. आणि माझा अंदाज आहे पुढचा प्रश्न आन्सरचा असेल, कारण त्यात पण डब्ल्यू आहे आणि तो पण कुणी बोलत नाही. ते उत्तर आत्ताच देऊन ठेवते, म्हणजे तुम्हाला अडायला होणार नाही. आन्सरमधला डब्ल्यू हा स्वेअरमधला आहे, स्वेअर म्हणजे शपथ घेणं. जुन्या काळी कुणी आरोप केला की त्याच्यासमोर उभं राहून शपथेवर जे बोलायचं ते आन्सर. यापुढे तो जो शब्द विचारेल आणि तुम्हाला सापडणार नाही, तो मला त्याच्याच अक्षरात लिहून पाठवायला सांगा.